लायसन्स निलंबित का करू नये अशी नोटीस आली आहे. वकील लावावा का, की एजंटकडून मिटवून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की सिग्नल तोडल्याची केस आहे, दंड भरून झालाय, तरीही आरटीओकडून नोटीस आली आणि सात दिवसांत खुलासा मागितलाय. वकील लावू का, खर्च किती येईल, आणि ओळखीचा एजंट चार-पाच हजारांत काम करून देतो म्हणतोय, त्याला देऊ का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. देऊ नका. का देऊ नका, ते सांगायला मला थोडा वेळ लागेल, कारण हे माझ्यावर येऊन गेलंय.

जुलै 2022. मी तेव्हा एका शेठची पिकअप चालवायचो. गावातून संध्याकाळी टोमॅटोचे कॅरेट भरायचे आणि पहाटे वाशीच्या मार्केटला खाली करायचे. त्या आठवड्यात माझा डावा कान ठणकत होता. दोन दिवस आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवलं होतं, थेंब दिले होते. रात्री पाऊस, खिडकीच्या फटीतून गार वारा, म्हणून कानात कापूस आणि त्यावर हात. हायवेला एका ठिकाणी गाडी बाजूला घ्यायला लावली. “मोबाईलवर बोलत होतास.” मी म्हटलं, साहेब, फोन चार्जिंगला आहे, बघा. त्यांनी मशीनवरचा फोटो दाखवला. काचेवर पाणी, वायपर अर्ध्यात थांबलेला, आत माणसाची काळी सावली आणि तिचा हात कानाशी. फोन त्या फोटोत कुठेच नव्हता.

मागे पस्तीस-चाळीस कॅरेट माल. मार्केटला उशीर झाला की भाव पडतो आणि शेठ ते माझ्या पगारातून धरतो. मी चलनाचे पैसे भरले. कागद पुढे केला त्यावर सही केली. गुन्हा कबूल असल्याचं त्यात छापलेलं होतं, ते मी वाचलं नाही. लायसन्स त्यांनी ठेवून घेतलं आणि पावती दिली. पूर्वी अशा पावतीवर गाडी चालवता यायची, म्हणून मी तशीच वाशीपर्यंत नेली. ते चुकीचं होतं हे मला नंतर कळलं. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 206(4) खाली लायसन्स जप्त झालं असेल, तर पावती ही फक्त पोच असते. तिच्यावर गाडी चालवता येत नाही. तुमचं कार्ड जप्त झालं असेल तर पावतीवर कोणतं कलम टाकलंय ते आजच बघा.

“दंड भरला म्हणजे विषय संपला,” असं मला गाडीवरच्या प्रत्येकाने सांगितलं. हे साफ खोटं आहे आणि तुम्हीही त्यातच फसलाय. तडजोडीचा, म्हणजे कोर्टात न जाता मिटवायचा दंड भरला तरी लायसन्सवरच्या कारवाईतून सुटका होत नाही, हे कलम 200 मध्येच लिहिलंय. उलट तो भरलेला दंड पुढच्या वेळी “आधीचा गुन्हा” म्हणून मोजला जातो. सिग्नल तोडणं आणि हातात फोन धरणं, दोन्ही कलम 184 मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतात. पोलिसाने लायसन्स जप्त करून पाठवलं, की कलम 19 खाली पहिल्या वेळी तीन महिने निलंबन आणि दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच.

तर मलाही तुमच्यासारखीच नोटीस आली. माझा मेहुणा आरटीओच्या दारात बसणाऱ्या एका एजंटच्या उठबशीतला. तो म्हणाला, “दाजी, चार हजार द्या, फाईल बंद होईल. तुम्ही कशाला साहेबासमोर उभे राहता?” माझ्या बायकोलाही ते पटलं होतं. मी नाही म्हटलं. मी फोनवर बोललोच नव्हतो, मग कशाचे चार हजार? त्यावरून घरात मोठं भांडण झालं. रागाच्या भरात मी सुनावणीला एकटा गेलो, तोही हात हलवत. लेखी खुलासा नाही, दवाखान्याचा केसपेपर नाही, काही नाही. दोन मिनिटं तोंडी बोललो. साहेबांनी माझी सही दाखवली आणि विचारलं, “ही तुमचीच ना?” मी म्हटलं, हो. संपलं.

आठवड्याने आदेश आला. छापील नमुना, मोकळ्या जागेत पेनने माझं नाव, लायसन्स नंबर आणि तारखा. कारणाच्या ओळीत एवढंच: “खुलासा समाधानकारक नाही.”

हाच कागद मी तालुक्याच्या कोर्टातल्या एका तरुण वकिलाला दाखवला. त्याने तो वाचून बाजूला ठेवला आणि विचारलं, “यात कारण कुठंय?” कलम 19 म्हणतं, लायसन्सधारकाला म्हणणं मांडायची संधी द्यायची आणि सविस्तर कारणं लेखी नोंदवून आदेश काढायचा. धारकाला दोषमुक्त करायचा अधिकारही त्याच कलमात दिलाय. म्हणजे लायसन्स आलं की तीन महिने ठोका, असं कुठेही लिहिलेलं नाही. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं, आणि आमचे अकरा गेले होते.

वकिलाने माझ्याकडून तीन गोष्टी मागवल्या. केसपेपर, ज्यावर तारीख आणि डाव्या कानाची तक्रार होती. फोन कंपनीकडून त्या रात्रीच्या कॉलची यादी; त्यात साडेनऊनंतर एकही कॉल नव्हता, आलेला नाही की केलेला नाही. आणि चलनावरच्या फोटोची मोठी रंगीत प्रत. अपिलात त्याने लिहिलं की फोटोत फोन दिसत नाही, सही माल अडकलेला असताना घाईत घेतली गेली आणि आदेशात कारण नाही. अठ्ठावन्नाव्या दिवशी आदेश रद्द झाला.

त्या अठ्ठावन्न दिवसांत मी गाडीला हात लावला नाही. शेठने दहाव्या दिवशीच दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. मी त्याच मालाची हमाली केली, रोजावर. लायसन्स परत आलं तेव्हा माझी सीट गेली होती.

मेहुणा आजही, चार माणसं जमली की, हा हिशेब मांडतो. दाजींनी चार हजार वाचवले आणि तीस हजार घालवले. मला त्याला आणि तुम्हालाही एवढंच सांगायचंय: तो हिशेब चुकीचा आहे. एजंटने “फाईल बंद” केली म्हणजे काय केलं, याचा कागद तुमच्या हातात नसतो. रेकॉर्डवर पहिला गुन्हा तसाच राहिला आणि दोन वर्षांनी कुठे पिवळ्या-लालच्या मध्ये सापडलात, तर थेट रद्द करण्याची नोटीस येईल. तेव्हा एजंट फोन उचलणार नाही. माझ्या रेकॉर्डवर आज तो गुन्हा निलंबन म्हणून उभा नाही, आणि हातावर पोट असलेल्या ड्रायव्हरला याची किंमत काय असते ते ऑफिसात बसणाऱ्याला कळणार नाही. शिवाय 2018 पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. लाचलुचपत विभागाचा नंबर 1064 आहे. माझं नुकसान लढल्यामुळे झालं नाही. पहिल्या रात्री न वाचता सही केली आणि सुनावणीला रिकाम्या हाताने गेलो, त्यामुळे झालं. मेहुण्याला हे मी दहा वेळा सांगितलंय.

आता तुमच्या सिग्नलचं. चलनासोबतचा फोटो किंवा व्हिडिओ लेखी मागा. गाडी थांबण्याच्या रेषेच्या कुठे होती, दिवा कोणता होता, पोलीस हाताने गाड्या सोडत होता का, मागून ॲम्ब्युलन्स आली होती का, हे त्यात पाहा. कॅमेऱ्याचं चलन गाडीच्या मालकाच्या नावाने येतं. त्या दिवशी गाडी तुम्ही चालवत होता का? नसाल तर तसं लिहा, पण मग चालवणाऱ्याचं नाव द्यावं लागतं, आणि ते खरंच द्या. आमचा शेठ स्वतःच्या मुलाची चूक ड्रायव्हरच्या नावावर टाकायचा, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. खुलासा एका पानात, मुद्द्याचा लिहा. सोबत पुरावे जोडा आणि शेवटी “मला समक्ष सुनावणी द्यावी” ही ओळ घाला. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. चूक खरंच झाली असेल तर खोटं रचू नका. आजवरचं स्वच्छ रेकॉर्ड, पोट गाडीवर असल्याचा पुरावा, पहिलीच वेळ, हे मांडा.

आणखी एक. नोटीस किंवा “निलंबित” असा आदेश वाहतूक पोलिसांच्या सहीने आला असेल तर थांबा. पोलीस लायसन्स जप्त करून पाठवू शकतो. निलंबित करायचा अधिकार परवाना प्राधिकाऱ्याचा, म्हणजे आरटीओचा. कलकत्ता उच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. निकाल बंगालचा आहे, पण कायदा सगळीकडे तोच आहे.

वकिलाचं म्हणाल तर खुलाशासाठी लागतोच असं नाही, अपिलाला लावा. माझ्या वकिलाने दोन हजार घेतले होते. तुमच्याकडे किती घेतात ते तिथल्या कोर्टाच्या आवारात विचारा.

हे सगळं सिग्नल, फोन, हेल्मेट अशा प्रकरणांपुरतं. दारू पिऊन चालवल्याची केस असेल, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर निघालं असेल, तर माझं काही ऐकू नका आणि माझ्याकडून सहानुभूतीही नको. कोणी जखमी झालं किंवा दगावलं असेल तर खुलासा लिहायच्याही आधी वकील गाठा, कारण तिथे लिहिलेला एकेक शब्द फौजदारी केसमध्ये तुमच्यासमोर येतो. मी वकील नाही, ड्रायव्हर आहे.

निलंबन झालंच तर त्या काळात गाडी अजिबात चालवू नका. कार्ड खिशात असलं तरी निलंबन सारथीवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, दिसतं. कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देऊन ते तुमच्याकडून वसूल करायला येते. त्यात घर जातं. आणि तीन महिने संपले की आपोआप सगळं सुरळीत होतं असंही नाही, उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. त्याची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा, नाहीतर तीनाचे चार महिने होतात.

सात दिवसांतले किती गेले ते तुम्ही लिहिलेलं नाही. नोटीस हातात पडली ती तारीख पाकिटावर लिहा, पाकीट फेकू नका, आणि दिवस कमी असतील तर उद्या सकाळीच मुदतवाढीचा अर्ज खिडकीवर द्या.