थंड इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतंय?

कार्बोरेटर (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा भाग) एवढ्यात खोलू नका, आणि मिक्श्चरचा स्क्रू तर अजिबात फिरवू नका. नवीन माणूस हमखास तिथेच हात घालतो. गाडी बरेच दिवस उभी होती ना? मग आधी:

- फ्लोट बोलमधलं (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं) शिळं पेट्रोल काढा, ताजं भरा.
- प्लग बघा. काजळी धरली असेल तर बदला.

आता खरी खूण. इंजिन तापल्यावरही चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढतो ती कळ) बंद केला की गाडी बंद पडते? म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. बहुतेक पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) तुंबलाय, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबराला चीर गेलीय. जेट कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्याने साफ करा. तार घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं. हे घरी सहज जमतं, घाबरू नका. आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिन चालतं तो वेग) मात्र इंजिन पूर्ण तापल्यावरच लावा.