खातं बँकेनं नाही थांबवलं, ताई

नेरूळहून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलंय. वय चोपन्न, शाळेच्या कार्यालयात नोकरी, यजमानांना जाऊन सहा वर्षं झालेली. विवाहजुळणीच्या ॲपवर मर्चंट नेव्हीतला एक ‘चीफ इंजिनिअर’ भेटला. विधुर, मराठी, रोज सकाळी न चुकता मेसेज. आधी भेटवस्तूंच्या पार्सलची कस्टम्स ड्युटी, मग जहाजावरून सुटका करून घेण्याचा खर्च, असे सहा वेळा मिळून ७ लाख ८५ हजार रुपये गेले. शेवटचे पैसे पाठवून ४१ दिवस झालेत, तक्रार अजून कुठेच नाही. प्रश्न तीन आहेत: पैसे परत मिळतील का, ॲपवर दावा लावता येईल का, आणि मुलाला न कळता हे सगळं निस्तरता येईल का.

ताई, तिन्हींची उत्तरं देते, पण शेवटी आणि थोडक्यात. असली पत्रं माझ्याकडे एवढी येतात की पहिली दोन पानं न वाचताही चाललं असतं. तुमचं पत्र अडलंय ते तिसऱ्या पानाच्या तळाशी. तिथे तुम्ही लिहिलंय: “मध्ये त्यांच्या एजंटचे ९५ हजार आणि नंतर १ लाख ५ हजार माझ्या खात्यात आले. ते मी त्यांनी सांगितलेल्या खात्यांवर पाठवले. त्यातले ८ हजार खर्चाला ठेवून घ्या म्हणाले. गेले बारा दिवस बँकेने सुरक्षिततेसाठी माझे खाते थांबवले आहे.”

सुरक्षिततेसाठी! शाखेतल्या कुणीतरी काउंटरवर तोंडातल्या तोंडात काहीतरी सांगितलं आणि तुम्ही ते मान्य करून घरी आलात. बारा दिवस. पगाराचं खातं बंद आणि लेखी कागद एकही मागितलेला नाही.

खातं बँकेनं आपल्या मनानं थांबवलेलं असण्याची शक्यता फार कमी. ते दोन लाख कुठल्याही एजंटचे नव्हते. तुमच्यासारखंच फसलेलं आणखी कुणीतरी आहे, बहुधा दुसऱ्या राज्यातलं. त्यानं तुमच्याइतका उशीर केला नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला किंवा सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. मग पैसा एका खात्यातून दुसऱ्यात गेल्याचा माग निघाला आणि तो तुमच्या खात्याशी येऊन थांबला. त्या माणसाच्या तक्रारीत तुम्ही फसवलेली बाई नाही. त्याचे पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्याची मालकीण आहात. पोलीस अशा खात्याला ‘म्यूल’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचं ओझं वाहणारं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. जुन्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या मालाची व्याख्या होती, तिच्यात फसवणुकीनं मिळवलेली मालमत्ता नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये ती आली. असा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला किंवा जवळ ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण माल नुसता हातात आला म्हणून गुन्हा होत नाही. तो फसवणुकीचा आहे हे ठाऊक असलं पाहिजे, किंवा ‘तसं मानायला कारण’ असलं पाहिजे. तुमचं सगळं प्रकरण या तीन शब्दांवर उभं आहे.

आणि तुम्ही चौथ्या पानावर काय लिहिता? “मला पहिल्या पार्सलपासूनच शंका येत होती.” पार्सल आधीचं, दोन लाख नंतर आले. हेच वाक्य पोलिसांच्या जबाबात गेलं, तर ‘मानायला कारण’ होतं हे सिद्ध करायला सरकारी वकिलाला वेगळा साक्षीदार लागणार नाही. खोटं लिहा असं मी मुळीच सांगत नाही. शंका कशाची होती आणि कुठल्या दिवशी आली, ते नेमकं लिहा. पार्सल खरंच येणार का अशी शंका येणं वेगळं, आणि खात्यात आलेले पैसे दुसऱ्या कुणाला लुबाडून आणलेत ही शंका येणं वेगळं. माणूस फसला की ‘मला आधीच वाटत होतं’ म्हणतो, तेवढीच मनाला फुंकर. ही फुंकर कोर्टात महाग पडते. नंतर सुचलेलं शहाणपण आधीच्या तारखेला चिकटवू नका.

राहिले ८ हजार. ते तुमच्यासाठी त्या दोन लाखांहून जड आहेत, कारण तपास अधिकारी त्याला ‘कमिशन’ म्हणणार. ते कुणालाही परस्पर परत पाठवू नका, कुठे दान करू नका. तक्रारीत स्वतःहून लिहा आणि तपास अधिकारी किंवा कोर्ट सांगेल तिथे जमा करायची तयारी असल्याचंही लिहा.

तक्रार कुठे करायची, यावरून तुमची भलतीच वणवण झाली. तुम्ही नेरूळला राहता आणि खात्याची शाखा ठाणे शहरात आहे, म्हणून एका पोलीस ठाण्यातल्या अंमलदारानं तुम्हाला खाडीपलीकडे जायला सांगितलं, आणि तुम्ही तिथून थेट घरी परतलात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्पष्ट आहे: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नाहीच घेतली तर तीच तक्रार टपालानं वरिष्ठांना, म्हणजे तुमच्या बाबतीत बेलापूरला नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात पाठवा. तिथूनही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये असं पाहा. दंडाधिकाऱ्यांच्या बोर्डावर रोज किती प्रकरणं असतात ते मी ठाण्याच्या कोर्टनाक्यावर बघते. ‘तातडीचा’ शिक्का मारलेल्या अर्जालाही पुढची तारीख पडते.

पोर्टलवर तक्रार भरल्यावर मिळणारा क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे, हे पन्नासदा सांगून झालंय, पुन्हा सांगते. १९३० आणि पोर्टल यांचा उपयोग पैसा वाटेत अडवण्यासाठी असतो. एफआयआर पोलीस ठाण्यातच होतो. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

तक्रारीत तुमचे सहा व्यवहार आणि ते दोन लाख, सगळं एकाच कागदावर यायला हवं. तारीख, वेळ, रक्कम, यूटीआर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो) क्रमांक, पैसे कुठल्या खात्यातून आले आणि कुठल्या खात्यात गेले. दोन लाखांचा भाग वगळून नुसत्या ७ लाख ८५ हजारांची तक्रार करण्याचा मोह होईल, आणि ओळखीतला एखादा शहाणा तसा सल्लाही देईल. तसं केलंत तर दुसऱ्या राज्यातले पोलीस कागद घेऊन येतील तेव्हा तुमची खरी तक्रारही बनावट वाटायला लागेल. नोटीस यायच्या आधी स्वतःहून सांगितलेली गोष्ट आणि नोटीस आल्यावर दिलेला खुलासा, यांत शब्द तेच असले तरी वजन सारखं नसतं. ४१ दिवस गेलेत. यापुढचा प्रत्येक दिवस हे वजन कमी करतो.

नोटीस आली तर मजकुराआधी कलमाचा आकडा वाचा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, आणि स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाबाहेर हजर राहायची सक्ती त्या कलमाखाली करता येत नाही. कलम ३५(३) असेल तर संशयित म्हणून. तेव्हा मात्र वकिलाला घेऊन हजर व्हायचं. नोटीस पाळणाऱ्याला एरवी अटक होत नाही, करायची झाली तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावणं चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. तरीही असा मेसेज आला तर झटकून टाकू नका. त्या ठाण्याचा क्रमांक स्वतः शोधून फोन करा आणि उत्तर लेखी द्या. कुणी व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ केली तर फोन ठेवून द्या, कारण तसा कायदा भारतात नाही.

खातं मोकळं कसं होईल? आधी बँकेकडून लेखी घ्या: कुठल्या ठाण्याच्या, कुठल्या क्रमांकाच्या तक्रारीवरून आणि किती रकमेसाठी खातं रोखलंय. मग त्या तपास अधिकाऱ्याला अर्ज करा की वादातल्या रकमेपुरतीच रोक ठेवावी आणि पगार मोकळा करावा. त्याच संहितेच्या कलम १०६ खाली पोलिसांना मालमत्ता ताब्यात घेता येते, पण दंडाधिकाऱ्यांना लगेच कळवावं लागतं. कळवलंय का ते अर्जात विचारा. आख्खं खातं गोठवता येतं का, यावर उच्च न्यायालयांचे निकाल एका सुरात नाहीत, तेव्हा तुम्हाला काय मिळेल याची खात्री मी देत नाही. तोवर पगार दुसऱ्या बँकेत घ्या आणि तसं केल्याचं तक्रारीतही लिहा.

संतापून तुम्ही त्याचं सगळं चॅट उडवून टाकलंत, ते वाचून मी डोक्याला हात लावला. तुम्ही अंधारात होतात याचा पुरावा तुमच्याकडे तेवढाच होता! फोन आता रिसेट करू नका, बदलू नका, व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकू नका. गूगल ड्राइव्हवर जुना बॅकअप असेल तर तपास अधिकाऱ्यासमोरच उघडा. छापील स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचे झाले तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा मसुदा वकील करून देईल.

आता थोडं रागावते. एरवी कुणी फसलं तर मी गप्प बसते, पण तुम्ही नेरूळला राहता. तुमच्या सेक्टरात दर चौथ्या इमारतीत एखादं घर जहाजावरच्या माणसाचं असेल. कुणालाही विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं की जहाजावरून घरी यायचा खर्च नाविकाला करावा लागत नाही. करार संपला की त्याला मायदेशी पोचवणं जहाजमालकाचं काम. सागरी कामगारांच्या ज्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात हे लिहिलंय, तो भारतानं २०१५ मध्ये स्वीकारला. ‘रिलीव्हरचे (बदली येणाऱ्या माणसाचे) पैसे भरल्याशिवाय कॅप्टन सोडत नाही’ हे वाक्य ऐकून खरा चीफ इंजिनिअर हसेल. भारतीय नाविकाकडे इंडॉस हा नोंदणी क्रमांक असतो, सीडीसी हे नाविकाचं ओळखपुस्तक असतं. त्याला जहाजावर पाठवणाऱ्या एजन्सीकडे आरपीएसएल हा नाविक भरतीचा परवाना लागतो आणि त्या एजन्सींची यादी डीजी शिपिंग या सरकारी नौवहन खात्याच्या संकेतस्थळावर आहे. कंपनीचं नाव विचारा, यादीत बघा, तिथल्या कचेरीत फोन लावा. लग्नाचं बोलणाऱ्या माणसाला हे विचारण्यात अपमान कसला? आपल्याकडे मुलाची नोकरी बघायला मामा थेट त्याच्या हपिसात जाऊन यायचा, तेव्हा कुणाला राग येत नव्हता.

कस्टम्सचंही तेच. ड्युटी कुणा व्यक्तीच्या बचत खात्यात भरली जात नाही. कस्टम्सच्या पत्रावर डीआयएन हा कागदाचा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसी या केंद्रीय कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तुम्ही सहापैकी तीन वेळा वेगवेगळ्या माणसांच्या नावानं पैसे पाठवलेत. सरकार दर खेपेला नाव बदलत नाही, ताई.

आता तुमचे तीन प्रश्न. पैसे: फारशी आशा ठेवू नका. रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं की तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, पण ते ‘अनधिकृत’ व्यवहारांसाठी होतं. तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवलेत, त्यामुळे ते तुमच्या कामाचं नाही. साखळीतल्या एखाद्या खात्यात काही रक्कम अडकली असेल तर ती कोर्टाच्या आदेशानं मिळू शकते. पैसे घेणाऱ्या बँकेनं केवायसी न तपासता खातं उघडलं असेल, तर आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली मंत्रालयातल्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे जाता येतं. तो विचार एफआयआर झाल्यावर करू. दहा टक्क्यांत पैसे सोडवून देतो म्हणणारा ‘सायबर सेलचा माणूस’ तुम्हाला भेटलाय असं लिहिलंय. तो सातवा हप्ता आहे. नंबर तक्रारीत द्या आणि ब्लॉक करा.

ॲपवरचा दावा अवघड आहे, मध्यस्थ म्हणून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. पण त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला आजच ईमेल करा की त्या प्रोफाइलची माहिती जपून ठेवा. खातं बंद झाल्यावर ती १८० दिवस ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यापुढे नाही. तुम्ही म्हणता प्रोफाइल ‘मध्येच कधीतरी’ गायब झाली. म्हणजे ते दिवसही धावताहेत.

मुलाला सांगा. दुसऱ्या राज्यातले पोलीस दारात आले तर दार बहुधा तोच उघडेल.

उद्या बँक उघडल्यावर पत्राच्या दोन प्रती घेऊन जा. एक त्यांना द्या, दुसरीवर पोच घ्या. शिक्क्यातली तारीख वाचता येते का ते काउंटरवरच बघा. पुसट असेल तर पुन्हा मारायला सांगा.