रिपोर्ट नॉर्मल, पण आईंना बरं वाटत नाही: आमचा अनुभव

ताई, तुम्ही विट्याहून लिहिलंय ना, आईंना छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, झोप नाही, ईसीजी-इको सगळं नॉर्मल आणि डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, ते वाचून मला माझ्या सासूबाईच दिसल्या. आम्ही सांगलीचे, २०१९ च्या पुरानंतर त्यांचं हेच सुरू झालं.

थायरॉईड, बी-१२, शुगरच्या तपासण्या झाल्याच असतील, ते सांगत बसत नाही.

आमचा घात केला तो एका दवाखान्याने, नाव घेत नाही. गेलं की सलाईन, ताकदीचं इंजेक्शन आणि झोपेला अल्प्राझोलाम, महिनोन्महिने तीच चिठ्ठी. भिशी बंद, नातवाला शाळेतून आणणं बंद, गणपतीतसुद्धा घराबाहेर नाही, पण कशात मन लागतं का हे एकदाही विचारलं नाही! बीपी चांगलंय म्हणजे बाई बरी. अजून चीड येते मला. त्या गोळीची सवय लागते, पण चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका हं, त्रास उलटतो, फिटसुद्धा येऊ शकते, डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

मिरजेतल्या दुसऱ्या एका फॅमिली डॉक्टरांनी पीएचक्यू-९ चे, म्हणजे डिप्रेशनची लक्षणं चाचपायच्या प्रश्नावलीचे, प्रश्न वाचून दाखवले. मागच्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, १० किंवा जास्त आले की नीट तपासायचं. त्यावरून निदान होत नाही, पण बोलणं तरी सुरू होतं. आशाताई तिशीपुढच्यांचा तब्येतीचा फॉर्म भरतात त्यातही यातले पहिले दोन असतात, ते घाईत उरकू देऊ नका. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा, त्याला हो आलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, उद्यावर नाही.

मी डॉक्टर नाही, पण माझं स्पष्ट मत, पहिल्या दिवशीच मानसोपचारतज्ज्ञ हवा असं नाही, बसून ऐकणारा फॅमिली डॉक्टर आधी शोधा. डिप्रेशनची गोळी दिली तर गुण यायला २-४ आठवडे, कधी जास्तही लागतात, सुरुवातीला मळमळतं आणि लोक तिथेच सोडतात.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आईंना फोन लावून द्या आणि तुम्ही बाहेर थांबा, डॉक्टरांकडेही पाच मिनिटं त्यांना एकटीला बोलू द्या, आमच्या सासूबाई माझ्यासमोर पुराचं काहीच बोलल्या नव्हत्या.