नॉर्वेच्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच गाडी भाड्याने घेताय?

बर्गनला गाडी घेऊन बोडोला सोडायचं ठरवत असाल, तर वन-वेचे जादा पैसे आधी विचारा, फार लागतात. त्यापेक्षा विमानाने थेट बोडो गाठा, तिथेच गाडी घ्या आणि फेरीबोटीने मोस्केनेस बंदरात उतरून लोफोटेनची बेटं निवांत फिरा. उन्हाळ्यात फेरीचं बुकिंग आधीच करा.

गाडी ऑटोमॅटिकच घ्या. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. त्यात फियॉर्डकाठची, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांकाठची वळणं, उगाच तारांबळ उडते. हेडलाइट दिवसाही लागतात. टोल कॅमेराच टिपतो, बिल मागाहून येतं.

अरुंद रस्त्यावर निळ्या पाटीवर पांढरा ‘एम’ दिसला, की ती समोरच्याला वाट द्यायची जागा. फोटोसाठी तिथे गाडी कृपा करून लावू नका, गावकऱ्यांचा खोळंबा होतो.