'मी मेलो' की 'मी मेले'?

प्रश्न नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका आईचा आहे. त्यांचा मुलगा कॉम्प्युटरवर रोल-प्लेइंग गेम खेळताना नेहमी बाईचं पात्र घेतो. लढाईत ती पडली की हा ओरडतो, "मेलो!" शेजारी बसलेली धाकटी बहीण दर वेळी दुरुस्त करते, "दादा, 'मेले' म्हण. तू मुलगी आहेस ना त्यात?" बरोबर कोण?

दादा. पण बहिणीचा कान तयार आहे, हे आधी सांगते. इंग्रजीत 'आय' मेला काय नि मेली काय, क्रियापद तेच. मराठीत 'मी'ला लिंग नाही, पण 'मेलो'-'मेले'ला आहे. म्हणजे तोंड उघडलं की हा 'मी' नेमका कोण, ते ठरवावंच लागतं.

जुने खेळ आठवा. सोंगटी स्त्रीलिंगी, तरी ती घरात गेली की मुलगा म्हणतो, "मी पोचलो!" बुद्धिबळातला वजीर पुल्लिंगी, पण तो गेल्यावर डाव हातचा सुटला तर मुलगी म्हणते, "मी हरले." सोंगटीचं लिंग खेळणाऱ्याला लागत नाही. दादाचं 'मेलो' याच परंपरेतलं आहे.

तरी 'मेले' चूक, असं मी म्हणणार नाही. हे लिहिण्याआधी गंगापूर रोडला भाच्याच्या मागे खुर्ची टाकून तासभर बसले. तोही बाईचंच पात्र घेतो. ते घडवताना म्हणाला, "मावशी, हिला आखूड केस देऊ का?" लढाई सुरू झाली आणि त्याच्या तोंडी 'ही' जाऊन 'मी' आला: "थांब, मी मागून जातो." मग गावातला म्हातारा लोहार भेटला. काय बोलायचं त्याचे पर्याय पडद्यावर इंग्रजीत आले, त्यातला एक त्याने मला मराठीत वाचून दाखवला: "बाबा, मी एकटीच आलेय." हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. सजवताना ती 'ही' असते, कंट्रोलर हातात असतो तो 'मी' पुल्लिंगी, आणि कथेत बोलते ती 'मी' स्त्रीलिंगी. मला हे फार सुंदर वाटलं. होनाजी बाळा, राम जोशी यांनी लावण्यांत बाईचा 'मी' असाच बोलता केला. बालगंधर्वांनी रंगमंचावर तो जगून दाखवला. तेव्हा खेळात भूमिकेतून बोलत असाल तर 'मेले', खेळणारा म्हणून ओरडत असाल तर 'मेलो'.

बोलीभाषांत ही वाटणी अशीच राहते असं नाही. कोल्हापूरकडच्या मुली सर्रास 'मी आलो' म्हणतात. आपल्याच जिल्ह्यात सटाणा-मालेगावकडे अहिराणीत 'मी जास' हे बाईही म्हणते, बुवाही.

आता त्याच आईंचा दुसरा प्रश्न: असे गेम मराठीत आले तर? इथे खरी कसरत आहे. २००७ सालच्या 'मास इफेक्ट' या गेममध्ये शेपर्ड हे मुख्य पात्र पुरुष घ्या की स्त्री, आवाज दोन वेगळ्या कलाकारांचे, पण इंग्रजी संवाद बहुतेक तेच. मराठीत 'मी निघालो'पाशीच दोन वाक्यं लिहावी लागतील. निम्मं काम मात्र भाषाच हलकं करते. 'मी राक्षस मारला', 'मी दार उघडलं' यांत क्रियापद कर्माच्या मागे जातं, बोलणारा कोण ते कळतच नाही. 'मी येईन', 'मला जायचंय' यांतही नाही. फसवतात ती 'पिणे', 'विसरणे', 'जिंकणे' यांसारखी क्रियापदं: कर्म असूनही 'औषध प्यायलो' की 'प्यायले' हे ठरवावं लागतं.

आणि समोरच्याने नायकाला हाक कशी मारायची? 'तू कुठे गेला होतास' म्हटलं की पुन्हा दोन वाक्यं आली. 'तुम्ही कुठे गेला होतात' म्हटलं की एकच पुरतं. मी भाषांतर करत असते तर त्या लोहाराला पहिल्यापासून 'तुम्ही'च म्हणायला लावलं असतं. मग 'बाई' की 'दादा', तेवढं एकच संबोधन बदलायचं.