शिवणयंत्राचा शोध सिंगरनेच लावला का? आणि ही कंपनी इतकी मोठी कशी झाली?

नाही. टोकाशी नेढं असलेली सुई आणि दोन दोऱ्यांचा टाका यांचं अमेरिकी पेटंट एलायस हाउने 1846 सालीच घेतलं होतं. आयझॅक सिंगर हा हरहुन्नरी गडी, मूळचा नाटकात काम करणारा. त्याने बोस्टनच्या एका कारखान्यात मशीन सुधारलं : सुई सरळ खालीवर जाणारी, कापड आडव्या पाट्यावर. 1851 मध्ये पेटंट मिळालं. हाउने दावा ठोकला आणि सिंगरला पैसे मोजावे लागले. शेवटी 1856 मध्ये भांडणाऱ्या कंपन्यांनी आपापली पेटंटं एकत्र केली, तेव्हा कुठे कोर्टकचेरी थांबली.

माझ्या मते कंपनीचा खरा मेंदू म्हणजे भागीदार एडवर्ड क्लार्क, पेशाने वकील. मशीन सामान्य घराला परवडत नव्हतं, म्हणून त्याने हप्त्याची सोय काढली. थोडे पैसे भरा, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्याला द्या. खप वाढतच गेला. 1885 मध्ये स्कॉटलंडला क्लाइडबँक इथे प्रचंड कारखाना उभा राहिला. तो 1980 मध्ये बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही ‘सिंगर’ आहे.

गंमत म्हणजे यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 मध्ये सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं. बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून त्याने ते बनवलं, असं ते म्हणाले. प्रत्यक्षात सिंगरचे संसार अनेक होते आणि मुलं वीसहून जास्त!