मोठ्या साथीनंतर देशाची आरोग्यव्यवस्था पुन्हा कशी उभी करतात? नवी रुग्णालयं बांधली की पुरे होतं का?

नाही, पुरत नाही. मी बडोद्यात सरकारी आरोग्यखात्यात परिचारिका होते, आणि माझं मत ठाम आहे: साथ ओसरल्यावर सगळ्यात आधी वस्तीत फिरणाऱ्या कर्मचाऱ्याची नोकरी पक्की करा आणि पगार वेळेवर द्या. इमारत नंतरही बांधता येते.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचं बघा. २०१४ मध्ये इबोलाची साथ आली तेव्हा चाळीस लाखांहून जास्त लोकांच्या त्या देशात डॉक्टर होते जेमतेम पन्नासएक. हातमोजे पुरेसे नव्हते, पगारासाठी संप होत होते. लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओन मिळून २८,६०० च्या वर रुग्ण आणि ११,३०० च्या वर मृत्यू झाले. त्यांत पाचशेहून जास्त आरोग्य कर्मचारी होते. मला जास्त अस्वस्थ करतं ते या आकड्यांत न आलेलं मरण. बायका बाळंतपणाला दवाखान्यात यायला घाबरल्या, मलेरियाचे तापकरी घरीच राहिले, मुलांच्या लसी चुकल्या. साथ निवळल्यावर ज्या व्यवस्थेला उभं राहायचं होतं, तिची अनुभवी माणसंच साथीनं नेली होती.

त्यानंतर लायबेरियानं एक गोष्ट चांगली केली. २०१६ पासून दवाखान्यापासून तासाभराच्या चालीपेक्षा दूर असलेल्या गावांसाठी गावातलेच आरोग्य सहाय्यक नेमले, त्यांना प्रशिक्षण दिलं, वर देखरेखीला परिचारिका ठेवली आणि दरमहा ७० डॉलर मानधन ठरवलं. लहान मुलांचा मलेरिया, जुलाब, न्यूमोनिया यांवर हे सहाय्यक गावातच औषध देतात. वेगळा काही ताप दिसला की तीच व्यक्ती वर कळवते. लोक तिला ओळखतात म्हणून खरं सांगतात. इबोलात आजारी माणसं लपवली गेली, कारण पथकं अनोळखी होती. अंत्यविधींमध्ये धर्मगुरू आणि गावकऱ्यांना सामील करून घेतलं तेव्हा कुठे लोक ऐकू लागले.

२०१४ मध्येच नायजेरियातही इबोला पोहोचला, तोही लागोससारख्या अफाट शहरात. तिथे २० रुग्णांवर आणि ८ मृत्यूंवर साथ आटोपली. पोलिओसाठी आधीपासून चालू असलेली यंत्रणा, तिची घरोघर जाण्याची सवय असलेली माणसं, लगेच संपर्कातल्यांचा माग काढायला लागली. पोलिओ नसता तर ही माणसं आणायची कुठून?

आमच्या जवळचं उदाहरण सुरतेचं. १९९४ च्या प्लेगमध्ये लाखो लोक शहर सोडून गेले, कित्येक खासगी डॉक्टरही. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि अधिकाऱ्यांना रोज खुर्ची सोडून रस्त्यावर उतरावं लागलं. कचरा रोज उचलला जाऊ लागला. ते रोजचं काम टिकलं, म्हणून मी सुरतेचं नाव घेते.

आपल्याकडे आशाताई २००५ पासून आहेत. कोविडमध्ये त्याच दारोदार फिरल्या, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरवही केला. पण कागदावर त्या अजून स्वयंसेविकाच, आणि बरीचशी कमाई कामागणिक मिळणाऱ्या प्रोत्साहन रकमेची. हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही.

तुमच्या भागाची व्यवस्था सावरली का हे पाहायचं असेल तर ममता दिवसाला, म्हणजे आमच्या गुजरातेत आई-बाळांच्या तपासणी-लसीकरणाचा जो दिवस असतो त्या दिवशी, अंगणवाडीत जाऊन या. लसीची पेटी वेळेवर आली का, बर्फाच्या पिशव्या थंड आहेत का, मागच्या वेळी न आलेल्या मुलांची यादी आशाताईंकडे आहे का, ते बघा. आणि त्यांचे गेल्या महिन्याचे पैसे जमा झाले का, हे नक्की विचारा.